लायकीची चकती

दानिएल मास्तर माणसाकडे बघायचे ते आधी खांद्यांकडे. चेहरा नंतर. शिंप्याचा धंदा, त्यात नवल काय, असं मी सुरुवातीला स्वतःला समजावलं. पण खांदे बघून झाले की ते मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि गप्प उभे राहायचे. जणू तुमच्या मागे आणखी कोणी उभं आहे, ते काहीतरी सांगतंय, आणि मध्येच बोलून त्याला तोडणं बरं नाही. मी गणिताची बाई. माझ्या मागे कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवशी मी वळून पाहिलंच.

मी यवतमाळात वाढलेली. वडील कचेरीत, काका कचेरीत, घरात बोलणंही अर्ज लिहिल्यासारखं. दारव्ह्याकडच्या एका गावी मिशनच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा आईने दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी भरून दिली. काळी-पिवळी जीप फाट्यावर सोडायची. तिथून कपाशीच्या शेतांमधून अर्धा तास पायी. गोरे पाद्री केव्हाच गेले होते. मागे राहिली होती शाळा, कडुनिंबाची झाडं, दगडी देऊळ आणि चाळीसेक घरं. ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणत. माझ्या खोलीच्या समोर, हाताच्या अंतरावर, मास्तरांचं दुकान होतं.

"तुमचा उजवा खांदा उतरता हाये, बाई," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

"पिशवी त्याच खांद्याला असते ना," मी म्हटलं.

"पिशवीचं नाई ते वजन."

"मग कशाचं?"

"ते तुमाले ठाव," असं म्हणून त्यांनी पाय मशीनवर ठेवला. गळ्यात टेप असायची, पण ती त्यांनी माझ्या अंगाला कधी लावली नाही. तरी ब्लाऊज असा बसला की यवतमाळच्या आमच्या शिंप्याने लाजून दुकान बंद करावं.

सत्तरीला आलेला माणूस. विधुर. अंगाने काटकुळा, एका डोळ्यात मोतीबिंदूचा पांढुरका पडदा, तोंडात कवळी. कवळी सैल होती, बोलताना टक् टक् वाजायची. सदरा मात्र कडक इस्त्रीचा. देवळाचे ते 'वडील' होते, म्हणजे पंच म्हणा. आणि त्यांच्याकडे चकत्यांची पिशवी होती.

हे चकत्यांचं प्रकरण आता सांगावं लागेल, कारण ते इतर गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी फार पूर्वी सोडून दिलं होतं, आमच्याच गावी टिकलं होतं आणि ते मास्तरांमुळे टिकलं होतं. दर तीन महिन्यांनी देवळात प्रभुभोजन व्हायचं. भाकरीची थाळी आणि द्राक्षरसाचा पेला बाकावरून बाकावर फिरायचा. ज्याने खाल्लं त्याने शेजारच्यापुढे थाळी धरायची आणि म्हणायचं, "तुमच्यासाठी." पण ती भाकर अपात्रपणे खाल्ली तर माणूस स्वतःवरच शिक्षा ओढवून घेतो, असं शास्त्रात आहे म्हणत. म्हणून त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मास्तर घरोघर जायचे. प्रश्न तीन. कोणाशी भांडण आहे का? कोणापासून काही लपवलंय का? प्रार्थना करता का? उत्तरं पटली तर हातावर पितळेची एक चकती ठेवायचे, चार आण्याएवढी, मधे क्रूसाच्या आकाराचं भोक. रविवारी दारात ती परत द्यायची आणि पुढे बसायचं. चकती नसेल त्याने शेवटच्या बाकावर. थाळी तिथेही यायची, पण शेवटच्या बाकाने ती नुसती पुढे सरकवायची.

मी हिंदू, पण शाळेची बाई म्हणून सणावारी देवळात जायची. माझी जागा अर्थातच शेवटच्या बाकावर. तिथून सगळ्यांच्या माना दिसतात. गावातला कोण किती लायक आहे हे मला त्या सहा वर्षांत कोणत्याही ख्रिस्ती माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी माझंही दार ठोठावलं.

"मास्तर, मी तुमच्या यादीत नाही," मी म्हटलं.

"ठाव हाये. पण रस्त्यात दार आलं. दार सोडून पुढं जाणं मले जमत नाई," ते म्हणाले आणि विचारलं, "कोणाशी भांडण?"

मी थट्टेने म्हणाले, "नववी ब शी." ते हसले नाहीत. मान कलती करून उभे राहिले. ऊन माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. शेवटी मीच कंटाळून बोलून गेले की धाकट्या बहिणीशी दोन वर्षं बोलणं नाही. त्यांनी नुसती मान हलवली, जणू मागच्याने हे त्यांना आधीच सांगितलं होतं. "मग तुमाले चकती भेटली नसती," एवढंच म्हणाले आणि गेले. त्याच संध्याकाळी मी बहिणीला पत्र लिहिलं. माझा उजवा खांदा त्यानंतर सरळ झाला की नाही, ते मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही.

लोक त्यांना टरकून असत. रूथआजींना एकदा चकती नाकारली, कारण सुनेशी कोंबडीवरून अबोला होता. आजी भर चौकात म्हणाली, "देवाची मेज हाये का ह्या शिंप्याची?" शनिवारभर तिने गावाला ते ऐकवलं. रविवारी सकाळी देवळाच्या पायरीवर सुनेच्या गळ्यात पडून अशी रडली की उपासना पाऊण तास उशिरा सुरू झाली. मास्तरांनी पिशवीतून चकती काढून दिली आणि म्हणाले, "अंडे दोघी मिळून खाजा." त्यांचा विनोद हा असा, वर्षातून एखादा.

मला ते आवडत होते आणि त्यांची भीतीही वाटत होती. भीती शिक्षेची नव्हे. या माणसाला सगळं दिसतं आणि दिसूनही तो दया करणार नाही, याची.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडं वरून टवटवीत आणि फोडली की आत अळी. लोक फवारणीमागून फवारणी करत. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्यात पाठीला पंप बांधून माणूस शिरला की दिसेनासा व्हायचा. नुसता धुरासारखा फवारा पिकावरून सरकताना दिसायचा. त्या वासाने दुपारी वर्गात मुलं पेंगत. दावणीची जनावरं चारा हुंगून सोडून देत. कोणी चक्कर येऊन पडलं, कोणाची नजर गेली, कोणी परत आलंच नाही, अशा बातम्या बाजाराच्या जीपमधून भाजीबरोबर यायच्या. मंडळीत कोणी गेलं की शेवटचे पांढरे कपडे मास्तर शिवायचे. त्या दोन हंगामांत त्यांच्याकडचा पांढरा तागा मी तीनदा नवा आलेला पाहिला.

एलिया त्यांच्याच मंडळीतला. तिशीचा, दांडगा, हसतमुख. धाकट्या भावाशी, पौलसशी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलेलं होतं. एका शनिवारी भर दुपारी तो दुकानात आला तेव्हा मी तिथेच होते, काज-बटणाला दिलेला ब्लाऊज घ्यायला आले होते. पाठीवर पंप तसाच. हाताला निळसर डाग.

"मास्तर, काल तुम्ही आले तवा मी वावरात होतो. माही चकती द्या."

"कोणाशी भांडण?"

"तुमाले ठाव हाये."

"गेलता का भावाकडं?"

"नाई गेलो. थो बोलतच नाई."

"मग मी नाई देत."

एलिया तरी उभाच राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मास्तर, या खेपेला मले पाह्यजे. काहून ते नोका इचारू. बस पाह्यजे."

मास्तरांनी मान कलती केली. ऐकलं. मला आजही शपथेवर सांगता येईल की त्या वेळी दुकानात माशीचाही आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "आंधी भावाले भेट. चकती कोठं पळून नाई चालली."

"बरं," एलिया म्हणाला. "सदरा झाला का माहा?"

"बटणं राह्यले. मंगळवारी ये."

मंगळवारी दुपारी एलिया त्याच्या वावरात, विहिरीच्या कडेला पालथा सापडला. पंप शेजारी. औषधाची बाटली उघडी. यवतमाळला नेलं, पण तो परत आला तो गाडीत आडवा. विष अंगात भिनलं होतं, एवढं कळलं. पण त्या वर्षी फवारताना औषध अंगावर चढून माणसं पडतच होती. नाकातोंडातून जातं, कातडीतून जातं. आणि बाटली काय, फवारणीलाही उघडावीच लागते. चढलं की प्यायला, हे कोणालाच छातीठोक सांगता येईना. ज्यांना सोयीचं होतं ते चढलं म्हणाले. बाकीचे गप्प बसले.

मास्तरांनी त्याचे पांढरे कपडे शिवले. मातीच्या वेळी शेवटपर्यंत उभे राहिले. एलियाची बायको सुवार्ता त्यांच्यापुढून गेली, तिने मान वर केली नाही. चार दिवसांनी घराला कुलूप घालून ती झरी जामणीकडे माहेरी निघून गेली. मूलबाळ नव्हतं.

पुढच्या प्रभुभोजनाला मास्तरांनी नेहमीप्रमाणे घरोघर चकत्या वाटल्या, दारात परत गोळा केल्या. आणि मग पुढे न जाता शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. थाळी आली. त्यांनी ती न बघता पुढे सरकवली.

ते माझ्या उजव्या हाताला बसत आणि त्यांच्यापलीकडे, भिंतीकडे, एका माणसाची जागा सोडत. एकदा मी पंख्याखाली म्हणून तिथे सरकायला गेले तर हात आडवा घातला. "तेथं नोका बसू बाई," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मीही नंतर कधी त्या जागेकडे पाहिलं नाही, इतकं मात्र खरं.

दुकानात आतल्या खिळ्यावर एलियाचा सदरा टांगलेला होता. निळ्या रेघांचा. बटणं लावून झालेली. वर्षभराने एकदा मी आत गेले तर मास्तर त्याच सदऱ्याची बगल उसवून पुन्हा शिवत होते.

"कोणाला विकला का?" मी विचारलं.

"नाई. थोडा आत घेऊन राह्यलो. आता बारीक झाला असंल थो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती, वेडही नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप बदललं, एवढ्याच सुरात ते बोलले होते. पुढच्या वर्षी सदरा आणखी अरुंद झाला. त्याच्या पुढच्या वर्षी तो चौदा वर्षांच्या मुलालाही बसला नसता. मी त्या खिळ्याकडे पाठ करून बसायला शिकले.

माणसाला एकटेपणाने असं होतं, असं मी माझ्या गणिती डोक्याला सांगत होते. मग मतदारयादीचं काम आलं. मास्तरणींच्या नशिबी असली कामं मे महिन्यातच येतात. घर मोजा, नावं लिहा, जे नाहीत त्यांच्यापुढे खूण करा. गावाच्या टोकाला एलियाचं घर होतं, मी ते शेवटी ठेवलं होतं. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही. आणि त्या कुलूपबंद दारापुढे मास्तर उभे.

प्रभुभोजनाच्या आधीचा शुक्रवार होता, हे मला तेव्हा आठवलं.

त्यांनी कडी वाजवली. तीनदा. मग दाराशी तोंड नेऊन, घरात कोणी निजलं असेल तर दचकू नये अशा आवाजात, म्हणाले, "एलिया, कोणाशी भांडण?" थांबले. एखाद्याने उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा बरोब्बर. मान डावीकडे. मग म्हणाले, "अन् मले एक सांग बाप्पा. तू पेलास का चढलं?"

पुन्हा थांबले. या वेळी फार वेळ. उन्हात माझे कान वाजायला लागले होते. आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. मातीच्या भिंतीचं घर, वर्षानुवर्षं बंद. उंदीर असणार, घूस असणार, साप असणार. मी ही यादी मनात केली, कारण मला ती करणं भाग होतं.

मास्तर वाकले. दाराखालच्या फटीपुढे उंबऱ्यावर एक चकती ठेवली आणि वळले. मला बघून दचकले नाहीत.

"बोलला का काही?" माझ्या तोंडून निघून गेलं. मी स्वतःवरच चिडले.

"चकती घेते थो," ते म्हणाले. "पण बोलत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. उंबऱ्यावर धूळ होती आणि धुळीत चार आण्याएवढी गोल जागा स्वच्छ होती. चकती नव्हती. मी यादीत एलियाच्या घरापुढे 'स्थलांतर' लिहून टाकलं.

चकत्या कमी पडायला लागल्या तेव्हा देवळाच्या पाळकसाहेबांच्या लक्षात आलं. ते नवे, तरुण, नागपूरकडचे, स्कूटरवर फिरणारे. त्यांना मुळात ही चाल पसंत नव्हती. एकदा माझ्यादेखत दुकानात येऊन म्हणाले, "मास्तर, जेवण प्रभूचं, बोलावणं त्याचं. तुम्ही दार धरून का उभे राहता? लायकी पाहून तो कोणाला बोलावत असता तर मी पाळक झालो असतो का?"

मास्तर म्हणाले, "साहेब, तुमचं सारं खरं हाये. पण एक दार मीच लावलं. थे उघडल्याबिगर मी आत कसा जाऊ?"

"ते तुमच्याने उघडणार नाही."

"थेच तर म्हणून राह्यलो," मास्तर म्हणाले. कवळी टक् वाजली. पाळकसाहेबांकडे यावर उत्तर असणार, त्यांचं शिक्षणच त्याचं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना ते देववलं नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की दुसऱ्यांना लायक ठरवून घरोघर हिंडणारा हा म्हातारा स्वतः उपाशी आहे, आणि एका मेलेल्या माणसाने दाराआडून 'चढलं' म्हणावं याची वाट बघत तो मरून जाणार आहे.

चौथ्या वर्षी सुवार्ता आली. पौलसला त्या घरात सरकी आणि ढेप ठेवायची होती, म्हणून ती आपली भांडी न्यायला आली होती. उन्हाने करपलेली, हाडं वर आलेली. तो प्रभुभोजनाच्या आधीचा शनिवार होता. ती सरळ दुकानात शिरली. मी बाकड्यावर होते, उठू लागले तर म्हणाली, "बसा बाई. चोरून काई बोलाचं नाई."

तिची नजर खिळ्याकडे गेली. कापड तिनेच दारव्ह्याच्या बाजारातून आणलं होतं. तिने सदरा उतरवला, खांद्यांना धरून समोर पसरला.

"हा कोणाचा?"

"एलियाचा," मास्तर म्हणाले.

"एवढासा?"

"दरसाल आत घेतो. माणूस झिजतेच ना मातीत."

मला वाटलं आता ती किंचाळेल. तिने मशीनवरचं पातं उचललं, जमिनीवर मांडी घालून बसली आणि सदऱ्याची बगल उसवायला लागली. "जाड माणूस होता थो," एवढंच म्हणाली. दोरे तिच्या मांडीवर पडत होते. चार वर्षांच्या चार शिवणी.

मास्तर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "सुवार्ता, तुले ठाव असंल. त्यानं पेलं का चढलं?"

"ठाव हाये," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"सांग मंग."

"नाई सांगत."

"पोरी, पाया पडतो तुह्या."

"पडा. तरी नाई सांगत." तिने दोरा दातांनी तोडला. "चढलं म्हणलं तर तुम्ही म्हणान, मी सुटलो. पेलं म्हणलं तर म्हणान, मी बुडालो. दोन्हीकडून तुमचाच हिशोब. तेंदूपत्ता तोडताना चार वर्षं तुमचं नाव घेऊन थुकली मी, मास्तर. रोज. मंग एक दिवस थुकच सरली. पाह्यलं तर तेथं तुम्ही बी नव्हते अन् मी बी. नुसतं जंगल." ती थांबली. "उद्या देवळात या अन् खा. न ठाव असता खा."

"मी लायक नाई."

"ते कोणं इचारलं तुमाले?" ती ओरडली. पहिल्यांदाच ओरडली. "सगळ्यायले तुम्हीच इचारत फिरले. प्रभूनं इचारलं का कधी?"

जरा वेळाने ती शांत होऊन म्हणाली, "मले बी चकती द्या. मी बी चार वर्षं घेतलं नाई."

मास्तरांनी सवयीने पिशवीत हात घातला आणि सवयीनेच विचारलं, "कोणाशी भांडण?"

"तुमच्याशी," सुवार्ता म्हणाली.

त्यांचा हात पिशवीतच राहिला. मला हसू येत होतं. नियम त्यांचाच. चुकता येत नव्हता. "मंग नाई देता येत," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"पाह्यलं?" ती म्हणाली. तिने उसवलेला सदरा घडी करून काखेत घेतला आणि उठली. दारात वळून म्हणाली, "अन् त्या घरापुढं चकत्या ठेवता म्हणे तुम्ही. पौलसभाऊजी सांगत होते. मी आज कुलूप काढलं, भांडे काढले. घर झाडलं बी. एक चकती नाई भेटली आत. कोण नेते त्या?"

मी माझी उंदरांची यादी पुन्हा मनात म्हणून पाहिली. ती पुरेना.

रविवारी मी लवकर जाऊन शेवटच्या बाकावर बसले. मास्तर आले, माझ्या शेजारी बसले, भिंतीकडे जागा सोडली. मग सुवार्ता आली. चकती नव्हती, तेव्हा शेवटचाच बाक. ती मास्तरांच्या गुडघ्यांपुढून गेली आणि थेट त्या सोडलेल्या जागेत बसली. मास्तरांचा हात अर्धा उठला आणि खाली पडला.

त्या दिवशी थाळी भिंतीच्या बाजूने आली. म्हणजे आधी सुवार्ताकडे. तिने ती पुढे सरकवायची, एवढाच शेवटच्या बाकाचा धर्म. तिने थाळी मांडीवर घेतली, एक तुकडा मोडला आणि खाल्ला. पुढच्या बाकावरच्या रूथआजीने तोंडावर पदर घेतला. पेला हातात घेतलेले पाळकसाहेब वाटेतच थांबले. सुवार्ताने सावकाश घास गिळला, थाळी मास्तरांपुढे धरली.

"मास्तर, तुमच्यासाठी."

त्यांनी थाळी धरली नाही. मान डावीकडे कलली. ते ऐकत होते. देवळात साठ-सत्तर माणसं, पण इतकी शांतता की छपरावरच्या कबुतरांची नखं ऐकू येत होती. आणि मीही ऐकत होते. एलियाने आता तरी बोलावं, एक शब्द, म्हणून मीही कान लावून बसले होते. कोणी बोललं नाही.

सुवार्ताने थाळी खाली केली नाही.

मग मास्तरांची मान हळूहळू सरळ झाली. त्यांनी तुकडा उचलला, तो उचलताना थोडा चुरा सदऱ्यावर सांडला. घास तोंडात गेला आणि ती सैल कवळी टक् टक् वाजू लागली, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशी. रडता रडता ते खात होते आणि नीट चावता येत नव्हतं. चुरा बोटाने टिपून टिपून त्यांनी तोंडात टाकला. मग थाळी माझ्यापुढे आली. मास्तरांना बोलणं सुधरेना. त्यांनी नुसती ती धरली. मी ती पुढे सरकवली. त्या दिवशी ते सोपं गेलं नाही, एवढं कबूल करते.

सुवार्ता सोमवारच्या जीपने परत गेली. तिने त्यांना काही सांगितलं का, मी विचारलं नाही. मला वाटतं नाहीच सांगितलं.

तीन महिन्यांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी बांधाबांध चालली होती आणि दार वाजलं. मास्तर. गळ्यात टेप, हातात चकत्यांची पिशवी नाही. माझ्या खांद्यांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "रविवारी जेवण हाये, बाई. या."

"मी तर चालले मास्तर. आणि मी तुमच्यातली नाही."

"बरं. पण या," म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

फाट्याची वाट एलियाच्या घरावरूनच जाते. मी सामान घेऊन तिथे पोचले तेव्हा मास्तर गावातली दारं उरकून तिथवर आले होते. पौलसने घराला नवं कुलूप लावलं होतं. मास्तरांनी कडी वाजवली, एकदाच. "एलिया, रविवारी जेवण हाये. ये बाप्पा," म्हणाले आणि उत्तरासाठी न थांबता उन्हातून पुढे चालू लागले, पाठीमागे हात बांधून, कोणाच्या घरी लग्नाचं बोलावणं करून निघालेल्या माणसासारखे.

माझी जीप चुकायला आली होती. तरी मी त्या दारापुढे जरा वेळ थांबले.